पेजेची खळ

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावात एक वाक्य पक्कं होऊन बसलं आहे. चार बाया जमल्या आणि शिलाईचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "मास्टरजीच्या सुनेनं केला होता ना तो कापडी पॅडचा धंदा. पन तिच्या हाताले शिलाईच नवती." मी ओट्यावर बसलेला असतो. ऐकतो, आणि रस्त्याकडे बघतो. आजवर मी ते वाक्य तसंच फिरू दिलं. कोणी विषय काढलाच तर मी गुडघ्याचं दुखणं काढलं. लिहायला बसलो तर चष्मा पुसण्यातच सकाळ घालवली. म्हातारपणी टाळाटाळीला फार सोयी असतात.

तिच्या हाताला शिलाई होती. माझ्या दुकानात बसलेल्या कितीतरी कारागिरांपेक्षा चांगली होती. काम बिघडवलं ते मी. आणि ते वाक्यही मूळचं माझंच आहे.

मी टेलर. गोंदियाच्या बाजारात कापडाच्या लाइनीत माझं दुकान होतं. तो बाजार हिंदी बोलतो, म्हणून माझं नाव मागे पडून मी "मास्टरजी" झालो, आणि पुढे गावातही तेच चाललं. पांढरा सुती कुर्ता ही माझी खासियत. निवडणुकीला उभे राहणारे, पडलेले, पुन्हा उभे राहू म्हणणारे, सगळे माझ्याकडे यायचे. कुर्त्याची घडी मोडू नये म्हणून मी त्याला घरच्या पेजेची खळ घालत असे. आमच्याकडे भात भरपूर पाण्यात शिजवून पसवतात. वरचं जे दाटसर पाणी निघतं ती पेज. कोणी मीठ घालून पितं, कोणी म्हशीपुढे ठेवतं. माझी बायको ती गाळून मला डब्यात भरून द्यायची. कुर्ता त्यात बुडवायचा, पिळायचा, ओलसर असतानाच कडक इस्त्री मारायची. मग कुर्ता असा उभा राहायचा की आत माणूस नसला तरी सभा झाली असती.

बायको गेली. तिच्यामागून डोळेही अधू झाले आणि मी दुकान सोडलं. मशीन घरी आणून पडवीत ठेवलं. घरात मी, राइस मिलमध्ये जाणारा मुलगा आणि सून. सून बारावी झालेली, अंगाने बारीक, बोलणं हळू. बचत गटाकडून ती फुलचूरला कसलंसं प्रशिक्षण घ्यायला जात होती. एका दुपारी पाहतो तर ती माझ्या मशीनवर बसलेली. मी दिसताच तिने हातातलं पदराखाली घेतलं.

"काय शिवून राहिली बेटा?"

"काई नाई जी मामाजी. असंच."

असंच म्हणजे काय? आयुष्यभर ज्याने कापड कापलं त्याला असंच शिवलेली वस्तू दाखवून न दाखवणं म्हणजे छळ. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली तेव्हा मशीनच्या खणातून मी तो तुकडा काढला. लांबट, दोन्ही टोकांना गोल, मधे दोन पंख, पंखांना टिचबटन. कॉलर म्हणावी तर गळा कुठे? खिसा म्हणावा तर तोंड कुठे? मी ओट्यावर उजेडात नेऊन तो उलटापालटा केला. समोरच्या घरी एक बाई राहतात, गटातल्याच, वयाने माझ्याहून थोड्या लहान, जीभ माझ्याहून बरीच लांब. आणखी दोघी त्यांच्याकडे बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "टीप बारीक आहे. कोपऱ्याला जरा खेचलंय, पण हात चांगला आहे. हे आहे काय पण?"

तिघींनी पदर तोंडाला लावला.

"बैलाच्या कपाळाले बांधा मास्टरजी," समोरच्या बाई म्हणाल्या. "बाशिंग होईन."

"खरं सांगा ना."

"बायांचं हाय ते. ठेवा खाली. कुर्तेवाले पाहतीन तं मतं जातीन त्याहीचे."

मी तो तुकडा होता तिथे ठेवला, पण गोष्ट सुनेच्या कानावर गेलीच. संध्याकाळी सुनेने माझं ताट वाढलं आणि मान वर न करता आत गेली. मलाही लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा मोठं काही डोक्यात घुसलं होतं. एवढ्याशा वस्तूत किती थर असतील? आत कोणतं कापड? पाणी बाहेर कसं येत नाही?

त्याआधी मी कितीदा तरी आमच्या मागची बोडी पाहिली होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. उन्हाळ्यात ती आटली की तळाचा चिखल फुटतो. त्या भेगांमध्ये पांढरे गोळे पडलेले असायचे. काडीने एक उलटवला तर आतून बेडकाच्या अंड्यांसारखं काहीतरी लिबलिबीत निघालं. कापूस कुजतो, ताग कुजतो, चामडंसुद्धा कुजतं. हे काय आहे जे पुढच्या पावसातही तसंच राहतं? तेव्हा मला समजलं नव्हतं. आता समजलं की ती दुकानातली पॅड होती.

मग मी एक काम केलं. गोंदियात, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा औषधाच्या दुकानात जाऊन एक पुडा मागितला. दुकानदाराने तो काळ्या पिशवीत घालून असा दिला की मी दारू नेतोय. घरी आणून कापायच्या पाटावर ठेवला, उसवायची सुई घेतली आणि टीप शोधू लागलो. टीपच नाही! सगळं चिकटवलेलं. वर प्लास्टिकची जाळी, खाली प्लास्टिक, मधे लगदा आणि साखरेसारखे दाणे. दाण्यांवर पाणी टाकलं तर ते फुगले. बोडीतलं बेडकाचं अंडं माझ्या पाटावर तयार झालं.

मी इतका गुंगलो होतो की सून मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"मामाजी!"

"एकही टीप नाही बेटा," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार? "याला शिलाई म्हणता येत नाही."

ती आधी लाल झाली, आणि मग हसली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती. तिने बाजूचं स्टूल ओढलं आणि तिच्या पॅडचे थर मला दाखवले. अंगाला लागणारं सुती, मधे पाणी पिणारं जाड कापड, खाली छत्रीसारखं पाणी अडवणारं. धुवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा वापरायचं. "वर्षं जाते एकच सेट," ती म्हणाली, "आन बोडीत काई पडत नाई."

तेव्हापासून काही दिवस आमच्या पडवीत जे चाललं ते आठवलं की मला अजूनही तरतरी येते. कोणतं कापड किती पितं हे आम्ही पाहत होतो. होळीला वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळून मी रंग केला. ताटात कापडाचे तुकडे मांडले आणि चमच्याने रंग टाकत गेलो. टेरिकॉट पिता पिईना, थेंब त्याच्यावर गोटीसारखा फिरायचा. जुनं लुगडं घटाघट प्यायचं पण लगेच खालून सोडायचं. जुन्या बनियनचं कापड सगळ्यात शहाणं निघालं.

"पन ते पान्यासारखं नसते जी," एकदा ती भिंतीकडे बघत म्हणाली. "दाट असते."

"किती दाट?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मग मी विचारलं, "गुळाच्या पाण्यासारखं?"

"हं. तसंच काईतरी."

मी उठून गूळ आणला. रंगात कालवला. सगळे निकाल बदलले. आणि कोरं मांजरपाट, ज्यावर तिचा सगळा भरवसा होता, ते तर पाणी वरच घेऊन बसलं. ती घाबरली. मी म्हणालो, "घाबरू नको. नव्या कापडाला मिलची खळ असते. खळ असली की कापडाचं तोंड बंद. गरम पाण्यात चांगलं धुवून काढ, मग बघ." तिने धुतलं. प्यायलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामाजी, हे तं त्या प्रशिक्षणवाल्या बाईनं बी नवतं सांगतलं."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवतो. खळीने कापडाचं तोंड बंद होतं, हे तिला मी सांगितलं होतं.

वाळवण्याचा प्रश्न आला तेव्हा मी सहज विचारलं, "तुझी सासू कुठं वाळवायची?"

"तुमाले ठावं नाई?"

"नाही."

ती मला गोठ्यात घेऊन गेली. धानाच्या तणसाच्या ढिगामागे, जिथे हात घालायलाही जागा नव्हती, दोन खिळ्यांना बांधलेली सुतळी होती. वरून चुंगडी, म्हणजे रिकामं पोतं, टाकायचं, म्हणजे कोणाला दिसू नये. सुनेला ही जागा सासूनेच दाखवली होती. मी सुतळीला हात लावला. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली होती. तिथे ऊन कधीच पोचत नसेल, ओल आणि शेणाचा वास. या गोठ्यात मी रोज म्हैस सोडायला जात होतो. गोंदियातल्या कोणत्या पुढाऱ्याचा डावा खांदा उतरता आहे हे मला पाठ होतं. माझ्या घरात कोणतं कापड कुठे वाळतं हे माहीत नव्हतं.

त्याच दिवशी मी सांदवाडीत, म्हणजे घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, दोन बांबू रोवून उन्हात तार बांधली. सुनेने लाजत लाजत तिच्यावर पॅडची रांग लावली. समोरच्या बाईंनी कुंपणावरून पाहिलंच.

"काय वो, मास्टरजीनं पताका लावल्या काय? कोनती जयंती हाय?"

"या, तुम्हीबी लावा," मी म्हणालो.

"ना बाप्पा! माहा मालक सरगातून उतरून येईन खाली."

पण आठवड्याभरात त्यांचीही एक पताका, एका टोकाला, टॉवेलच्या आडोशाने, तारेवर आली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, घरोघर पाहुणे. इटियाडोह धरणाकडच्या एका गावच्या मंडईत गटाला दुकान लावायला जागा मिळाली. तिकडची गावं जंगलाला लागून. बाया मोहफुलं वेचायला, तेंदूपान तोडायला दिवस दिवस रानात. दुकान लांब, आणि वापरलेलं टाकायचं कुठे हाही प्रश्न. सून म्हणाली, "तिथं हे चाललं ना मामाजी, तं मंग कुठंबी चालन." रोज मशीन चालू. समोरच्या बाई कापायच्या, दुसऱ्या दोघी बटनं लावायच्या, शिलाई सगळी सुनेची. मी फक्त बघायचो आणि चूक काढायला चूक शोधायचो. सापडत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ती कागदी पिशव्या आणायला बाजारात गेली. प्लास्टिकमध्ये द्यायचं नाही असं तिचं ठरलेलं होतं. धुवून वाळवलेल्या पॅडचा ढीग पडवीत होता. मी त्याच्याकडे बघत बसलो. गरम पाण्यात धुतलेलं सुती कापड कसं दिसतं हे सांगायला नको. लुळं. पंख पडलेले. कडा वळलेल्या. माझ्या मनात आलं, हे मंडईत मांडलं तर लोक म्हणतील, मास्टरजीच्या घरून चिंध्या आल्या.

चुलीजवळ सकाळच्या भाताची पेज झाकून ठेवली होती. माझ्या पिण्यासाठी ठेवलेली.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं. पण कापड कसं पितं हे माझ्या डोक्यात नवीन आलेलं होतं आणि कापड कसं दिसावं हे हातात जुनं होतं. हाताने डोक्याला विचारलं नाही. डोकं थोडं कुरकुरलं तेव्हा मी त्याला म्हणालो, पातळच घालतो, तेवढ्याने काय होतं. मग भांड्यात पाहिलं तर पातळ घातलेली खळ बरोबर बसेना, म्हणून थोडी दाट केली. एकेक बुडवलं, पिळलं, अर्धं वाळू दिलं, इस्त्री मारली. पत्त्यांच्या पानांसारखी चळत झाली. किती दिवसांनी ते काम केलं होतं! मी गुणगुणत होतो हेही आठवतं.

ती आली आणि दारातच थांबली.

"अगा माय! मामाजी, इस्त्री केली तुमी?"

"केली."

"किती साजरे दिसून राहिले!" तिने एक उचलून गालाला लावलं. "अशी कडक इस्त्री मले कधी जमन?"

मी खळीचं बोललो नाही. तेव्हा लपवायचं म्हणून नाही. कुर्त्याला खळ कोणती, हे मी कुर्तेवाल्यांनाही कधी सांगत नव्हतो. कारागिराची खोड.

मंडईत मीही गेलो, लांबून बघायला. पुरुष दुकानापाशी येत, समजलं की घाईने जिलेबीकडे वळत. बाया मात्र घोळका करून थांबल्या. एक उंच, काळीसावळी बाई आपल्या तरुण पोरीला घेऊन आली. गोंडी मिसळलेल्या मराठीत बोलत होती. तिने पॅड नखाने वाजवून पाहिलं. "पुढाऱ्याच्या सदऱ्यावानी कडक हाय वो!" सगळ्या हसल्या. सून म्हणाली, "आमच्या मामाजीची इस्त्री हाय ते." दिवस मावळायच्या आत सगळा माल गेला. परतताना गाडीत समोरच्या बाई म्हणाल्या, "मास्टरजी, अजून तुमच्या हाताले पानी हाय." मी खिडकीबाहेर बघत राहिलो, म्हणजे माझा चेहरा दिसू नये. इतका तो फुलला होता.

धानाची कापणी सुरू झाली होती तेव्हाच ती उंच बाई आमच्या दारात आली. एकटी, हातात थैली. बसा म्हटलं तरी बसली नाही. थैली ओट्यावर उलटी केली.

"हे घे तुहं. माह्या पोरीनं बांदीत धान कापताना लावलं. वरच्या वर वाहून गेलं सारं, पायापर्यंत. पोट्टे भारे वाहून राहिले होते, त्याहीनं पाहालं. पोरगी धुऱ्यावर बसली ते उठेचना. आता वावरात जा म्हटलं तं जात नाई. कोनाचं तोंड पाहात नाई."

सून उभी होती. "मावशी, मी वापरतो ना हे. माहं तं कधी…"

"तुहं तू जान! चिकट चिकट झालं, भातावानी. धुतलं तं वास मारे. ठेवलं तिथं मुंग्या लागल्या. आमचं फडकं बरं होतं बाई. फडक्यानं अशी इज्जत नवती काढली."

मुंग्या. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत त्या शब्दाचा अर्थ एकट्या मलाच कळला होता.

सुनेने हात जोडले. काय चुकलं ते शोधून काढते म्हणाली. बाई गेल्यावर ती ओट्यावरच बसली आणि उसवायची सुई घेऊन एकेक पॅड उसवू लागली. थर मोजले, पुन्हा मोजले, कापड उजेडात धरलं, टीप नखाने ताणून पाहिली. समोरच्या बाई आल्या, आणखी दोघी आल्या. शेवटी तिने मान वर केली. डोळे भरलेले नव्हते. पळसाच्या रंगाचा चमचा कापडावर टाकताना ते जसे असायचे तसेच होते, शोधणारे.

"मामाजी, माहे पयल्याचे चांगले हायत. हे काऊन बिघडले? कापड तेच, थर तेच. तुमाले काय वाटते?"

विचारत होती ती मला. तिला वाटत होतं, गोंदियाच्या बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला नक्की कळेल. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला दिसत होतं पुढे काय होणार. मास्टरजीनं बायांच्या त्याला खळ घातली! ही गोष्ट मुर्रीतून फुलचूरला, तिथून बाजारात, कापडाच्या लाइनीत. पानठेल्यावर हसतील. माझ्या मयतीलाही कोणीतरी हसेल. मी एक पॅड उचललं, बोटांनी फिरवलं, जाणकारासारखं, आणि म्हणालो,

"टीप ढिली पडली आहे. घाईत हात बिघडला असेल."

एवढंच. समोरच्या बाईंनी मान हलवली. मास्टरजी बोलले म्हणजे झालं. सुनेने ते पॅड माझ्या हातातून घेतलं, टिपेकडे बघितलं. टीप सरळ होती, बारीक होती, कुठेही ढिली नव्हती. तिलाही ते दिसत असणार. पण तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती घरात नसताना मी परत आलेल्यातलं एक पॅड घेतलं. गुळाचा रंग टाकला. वरच्या वर ओघळून ताटात गेला. मग ते गरम पाण्यात भिजवलं, चोळलं, पाणी बदललं, पुन्हा चोळलं. पाणी दुधासारखं गढूळ निघत होतं. उन्हात वाळवून पुन्हा रंग टाकला. प्यायलं. सगळं. खालचा थर कोरडा. म्हणजे काहीच वाया गेलं नव्हतं. गरम पाण्यात धुवून काढा, एवढा निरोप मंडईच्या गावाला पाठवला असता तर सगळं जागेवर आलं असतं. त्या पोरीच्या आईला सांगता आलं असतं की दोष शिलाईचा नाही, दोष एका म्हाताऱ्याचा आहे. मी ते पॅड कतरणीच्या पिशवीत तळाशी घातलं.

गट मोडला. भांडण नाही झालं. एकेकीने कारण सांगितलं, कोणाच्या घरी कापणी, कोणाकडे लग्न. सुनेने उरलेलं कापड पेटीत ठेवलं. मशीनवर तिने पुढे फाटलेल्या उशांच्या खोळी शिवल्या, बाकी काही नाही. तारेवर तिची स्वतःची रांग मात्र महिन्याच्या महिन्याला उन्हात लागते, अजूनही. तेवढं तिने सोडलं नाही. मी सकाळी चहा घेऊन बसलो की ती दिसते. जुन्या बॅचची, खळ न लागलेली, लुळी, पंख पडलेली. इतक्यांदा धुऊन एकाचीही टीप उसवलेली नाही.

समोरच्या बाईंची नात आता कॉलेजला जाते. काल ती आली आणि सुनेला म्हणाली, "मामी, मले शिकव ना ते कापडी पॅड. आमच्या हॉस्टेलच्या पोरी घेतीन. जाळायले जागा नाई, टाकायले जागा नाई, सफाईवाली ओरडते."

सून भाजी निवडत होती. हात थांबला नाही. "माह्या हाताले शिलाई नाई बाई. मामाजीले विचार."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. टोमणा असता तरी चाललं असतं. पण माझी उंची इतकी आहे, माझं माहेर अमुक गावचं आहे, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. माझं खोटं तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते तिला स्वतःचं वाटत होतं. पोरगी माझ्याकडे वळली, "आबा, तुमाले येते?" मी म्हणालो, "उद्या ये."

म्हणून हे लिहिण्याची धावपळ. पोरगी आली की मशीनवर कोण बसणार ते ठरायचं आहे. सुनेने बसावं असं मला वाटतं, आणि ती बसणार नाही, जोवर खरं तिला कळत नाही.

आज सकाळी ती भात पसवत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती, तिने मान बाजूला केली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. मी कधी तिथे जात नाही, म्हणून ती चपापली.

"काऊन जी मामाजी? काय पायजे?"

सगळं जुळवून आणलं होतं. रात्रभर तेच घोकत होतो. पहिला शब्द ओठांपर्यंत आला होता.

"पेज," मी म्हणालो. "थोडी पेज दे."

तिने वाटीत ओतली, मिठाचा खडा टाकला, पदराने वाटी धरून माझ्या हातात दिली. मी ओट्यावर येऊन ती प्यालो. बाजूला तार दिसत होती. जे म्हणायला गेलो होतो ते तसंच वाटीबरोबर परत आलं. ते हे: बेटा, तुझी टीप ढिली नव्हती. खळ मी घातली होती. मला माफ कर.